इश्बेल घरी आली

आमच्या स्कॉटिश गावाच्या सभागृहात त्या शनिवारी बत्तीस नाचणारे होते. एका सेटमध्ये चार जोड्या, म्हणजे आठ माणसं. बत्तीसांचे चार सेट, बाकी शून्य. शिवाय व्यासपीठावर एक अकॉर्डियनवाला आणि एक फिडलवाली, स्वयंपाकघरात माझी आई, आणि व्यासपीठाला लागून, दुखरा उजवा पाय स्टुलावर ठेवून खुर्चीत बसलेली नेटामावशी. बाहेर जायचं दार एकच, मावशीच्या बरोबर समोर, सेट जिथे संपतात त्या टोकाला.

ती शून्य बाकी मला सकाळपासून छळत होती. चौतीस जण असते तर दर नाचाला कोणी ना कोणी बसलं असतं, आणि ते कोणी मी असू शकले असते. बत्तीसांत मी बसले की माझ्यासकट आठ जण बसतात. आमच्यात एकदा सेट मोजून झाला की कोणी बाहेर पडत नाही. पाय मुरगळला तरी लंगडत शेवटपर्यंत जायचं. लहानपणी मला शिंक आली होती तेव्हासुद्धा मावशी म्हणाली होती, "आवर्तन संपल्यावर."

मला मावशीला एक वाक्य सांगायचं होतं. नॉर्वेत ट्रॉम्सोला समुद्रावरचा बर्फ मोजायची नोकरी मला मिळाली आहे, मी होकार कळवला आहे, आणि तीन आठवड्यांनी मी जाणार आहे.

वाक्य पाठ होतं. सांगायला जागा सापडत नव्हती.

सकाळी पर्थहून आलेल्या विल्मा गेडिस यांनी कार्यशाळा घेतली. त्या सत्तरीच्या, बारीक, आणि त्यांचं लक्ष फक्त पायांकडे. "तुमचा चेहरा छान आहे हो," त्या खाली बघत नाचणाऱ्या पोस्टातल्या युनाला म्हणाल्या, "पण तो टाचेला दाखवून काय उपयोग?" युना एवढी हसली की तिची पावलं आणखी बिघडली. मी दोनदा मावशीच्या खुर्चीकडे निघाले. दोन्ही वेळा कोणीतरी एक बोट वर करून ओरडलं, "एक जोडी हवी!" आणि स्ट्रूअनने माझा हात धरून मला परत रांगेत उभं केलं.

स्ट्रूअन गावातला सुतार. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, आणि मी पदवी घेऊन आल्यापासून मला 'पदार्थविज्ञान' या नावाने हाक मारायचा.

"पदार्थविज्ञान, सारखी पळतेस कुठे?"

"मावशीशी बोलायचंय."

"संध्याकाळी सगळेच बोलणार आहेत. तू फक्त लाजायचंस."

मला कळलं नाही. कळलं ते स्वयंपाकघरात. आई मोठ्या पातेल्यात बटाटे आणि मटण ढवळत होती, आणि खिडकीपाशी एका खोक्यात केक होता. पांढऱ्या साखरेवर निळ्या अक्षरांत माझं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, 'आमच्या नव्या बाई'.

"हे काय?"

"जेवणाआधी नेटा तिचा नाचाचा वर्ग तुझ्या हाती देणार आहे," आई म्हणाली. "सभागृहाची किल्लीसुद्धा. नव्या रिबिनीत ओवलीय तिने. तू अजून सांगितलं नाहीस ना?"

"तू का नाही सांगितलंस?"

"माझी नोकरी आहे का ती?" आईने झाकण आपटलं. "हे बघ. टाळ्या वाजायच्या आधी सांग. टाळ्या वाजल्या की तू नाही म्हणणार नाहीस. मी तुला ओळखते. ट्रॉम्सोला पत्र लिहिशील आणि इथेच राहशील, आणि मग आयुष्यभर माझ्यावर चिडशील."

आईचं बरोबर होतं. टाळ्यांपुढे मी कधीच टिकलेले नाही. सातव्या वर्षी मला घोड्याची भीती वाटते हे मी सांगणार होते, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी दोन वर्षं घोड्यावर बसले.

चहाच्या आधीचा शेवटचा तास मावशीचा होता. आमच्याकडे कुणाचं लग्न झालं, कुणी निवृत्त झालं, कुणी दुखण्यातून उठलं की त्याच्या नावाने नाच बांधतात. मावशीने माझ्या नावाने बांधला होता. मी एडिंबरोहून परत आल्याबद्दल. नाव: 'इश्बेल घरी आली'. पत्रिकेत तो जेवणाआधीचा शेवटचा नाच म्हणून छापलाही होता.

"पहिली जोडी, इश आणि स्ट्रूअन," मावशी म्हणाली. "कोणी हसायचं नाही. पहिल्यांदाच बांधलाय."

वेळ संपत आल्यामुळे आम्ही एकच आवर्तन केलं, तेही संगीताशिवाय, चालत. समोरासमोर झुलायचं, बाहेरून वळून एक जागा खाली यायचं, दुसऱ्या जोडीभोवती आठाचा आकडा काढायचा, हात धरून मधून खाली जायचं, परत वर यायचं, आणि शेवटी सहा जणांचं कडं करून डावीकडे आणि उजवीकडे फिरायचं. सुरेख होता. मावशीला आकृत्यांची नजर आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहाला पांगले, आणि मी होते तिथेच उभी राहिले, कारण मी निघाले होते त्याच जागी परत उभी होते.

ही गोष्ट सांगायला हवी. या प्रकारच्या नाचात दर आवर्तनाच्या शेवटी पहिली जोडी एक जागा खाली सरकलेली असते आणि तिच्या मागची जोडी वर आलेली असते. दोन आवर्तनांत पहिली जोडी तळाला जाते आणि दुसरीची पाळी सुरू होते. आठ आवर्तनांत चारही जोड्यांना वरची जागा मिळते. मावशीच्या नाचात आम्ही मधून वर येत होतो थेट पहिल्या जागेवर. तिथून पुन्हा बाहेरून वळून खाली यायला हवं होतं. ते वळण लिहायचं राहून गेलं होतं. म्हणजे हा नाच कितीही वेळा केला तरी पहिली जोडी पहिल्याच जागी राहणार होती.

मी वर पाहिलं तर विल्माबाई माझ्याकडेच बघत होत्या.

"तुमच्याही लक्षात आलं," मी म्हणाले.

"आलं. मी काही बोलणार नाही." त्यांनी शॉर्टब्रेडचा तुकडा चहात बुडवला. "पाहुण्याने यजमानाच्या घरात पडदे सरळ करू नयेत. नाव तुझं आहे, तू सांग."

म्हणून मी चार कप घेतले आणि मावशीच्या शेजारच्या टेबलावर एका रांगेत मांडले. मनात होतं ट्रॉम्सो. तोंडातून आलं, "मावशी, नाचात एक चूक आहे." दोन कठीण वाक्यांतलं सोपं आधी निघून गेलं.

मी कप फिरवून दाखवले. निळा कप, म्हणजे पहिली जोडी, खाली आला, वर गेला, आणि होता तिथे बसला. पुन्हा फिरवला. पुन्हा तिथेच.

मावशीने निळा कप उचलला, त्यात चहा ओतला आणि एक घोट घेतला.

"कप नाचत नाहीत, इश."

"पण मावशी, जागा..."

"चाळीस वर्षं शिकवतेय मी. संगीत लागलं की पाय आपोआप जागेवर जातात." मग हळू आवाजात, माझ्या मनगटावर हात ठेवून, "एकदा करून तर बघ. तुझ्यासाठी बांधलाय गं."

त्यानंतर दुसरं वाक्य बोलता आलं नाही. मी कप धुवायला नेले.

संध्याकाळी सगळे किल्ट आणि कोरे कपडे घालून आले. गावातली आणखी माणसं बघायला येऊन भिंतींना लागून बसली. नाचामागून नाच झाले. मी प्रत्येक नाचात होते, कारण बाकी शून्यच होती. मधल्या एका विश्रांतीत मी मावशीकडे पोचलेसुद्धा, पण तिच्याभोवती जुन्या विद्यार्थिनींची गर्दी होती आणि त्यातली एक म्हणत होती, "आता काळजी नाही, नेटा. घरचीच मुलगी." मावशीच्या मांडीवर किल्ली होती. रिबीन हिरवी आणि निळी. ती रिबिनीची टोकं सारखी करत होती.

मग अकॉर्डियनवाल्याने माझं नाव घेतलं. नाचाचं नाव, पण ते माझंच. लोक वळून हसले. आमचा सेट मावशीच्या खुर्चीसमोरचा. सेटमध्ये बायकांचा उजवा खांदा व्यासपीठाकडे असतो. पहिल्या जागेवर उभी राहिल्यावर माझा उजवा खांदा आणि मावशीचा गुडघा यांत हातभर अंतर होतं.

पहिलं आवर्तन झालं. कडं उजवीकडून फिरून थांबलं आणि मी पुन्हा मावशीशेजारी होते.

"पदार्थविज्ञान," स्ट्रूअन समोरून झुलताना म्हणाला, "आपण खाली नाही गेलो."

"माहीत आहे."

"माझं चुकलं का रे?" दुसऱ्या जोडीतून युनाने विचारलं. "मी नीट सरकले ना?"

बाजूच्या सेटमध्ये काही बिघडलं नव्हतं. तिथल्या पहिल्या जोडीचे पाय सवयीने बाहेरून वळून खाली गेले होते, आणि पलीकडच्या दोन्ही सेटमध्येही तसंच. मावशीचं म्हणणं खरं होतं. पाय आपोआप जागेवर जातात. फक्त तिच्या नजरेसमोरच्या सेटमध्ये कोणाच्या पायांना ती हिंमत नव्हती. लिहिलं होतं तसं नाचत होतो आम्ही चौघी आणि चौघे.

दुसरं आवर्तन. खाली, आठाचा आकडा, मधून जा, मधून ये, कडं. मी परत तिथेच.

"मावशी, मला..."

"खांदे सोड. ताठ झालेत."

मी गेले. हे आवर्तन अर्ध्या मिनिटाचं असतं. अर्ध्या मिनिटात माणूस खूप विचार करू शकतो, पण कुठेही जाऊ शकत नाही. कपाळावरून घाम डोळ्यांत आला. मी परत आले.

"मला नोकरी लागलीय."

चौथं आवर्तन. या वेळी मधून वर येताना मी तिच्याकडे बघितलं. तिचं रिबिनीशी खेळणं थांबलं होतं. कडं फिरलं. थांबलं.

"कुठे?"

"नॉर्वेला. बर्फ मोजायची."

"इथे नाही का बर्फ?"

"समुद्रावरचा, मावशी."

माझी वळायची वेळ झाली. पाचवं आवर्तन. स्ट्रूअनने मधून खाली नेताना माझा हात घट्ट धरला. "खरं?"

"खरं."

"आणि मी इथे सात वेळा वरच्या जोडीत नाचून मरणार?"

"आठ."

आम्ही वर आलो. पहिल्या जागेवर. सहा जणांचं कडं डावीकडे गेलं, उजवीकडून आलं. युना धापा टाकत होती. तिला अजून एकदाही पाळी मिळाली नव्हती. मी मावशीशेजारी येऊन उभी राहिले आणि झुलायला सुरुवात केली.

"कधी?" तिने विचारलं.

"तीन आठवड्यांनी. मी होकार कळवलाय."

"केक केलाय तुझ्या आईने."

"बघितला."

मावशीने एकदा आमचा सेट बघितला. मग बाजूचा, जिथे तिसरी जोडी वर पोचली होती. तिची नजर तिथे बराच वेळ राहिली. मला वाटतं ती मोजत होती. मी वळून खाली गेले, आठाचा आकडा काढला, स्ट्रूअनबरोबर मधून गेले. वर येत असताना मावशीने किल्ली मांडीवरून उचलून पिशवीत टाकली आणि हात खुर्चीच्या दोन्ही बाजूंवर टेकले.

"पहिली जोडी!" ती ओरडली. वर्गात ओरडते तसं. फिडलच्या वर ऐकू गेलं. भिंतीशी बसलेले लोक बोलायचे थांबले. "वर येऊन थांबायचं नाही! बाहेरून वळ, आणि खाली!"

आमचे पाय त्याचीच वाट बघत असावेत. मी उजवीकडे वळले, तिच्या गुडघ्याला घासून.

"माझं वळण राहिलं होतं लिहायचं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "जा. युना ताटकळलीय."

सहाव्या आवर्तनाअखेर आम्ही दुसऱ्या जागेवर होतो. सातव्यात तिसऱ्या, आणि तिथून तळाला. आठवं आवर्तन युनाचं होतं.

अकॉर्डियनचा शेवटचा सूर लांबला आणि सगळ्यांनी आपापल्या जोडीदाराला लवून नमस्कार केला. युनाची जोडी दुसऱ्या जागेवर होती. आमची जोडी चौथ्या जागेवर, दारापाशी होती.