बटण, ये

मुलीच्या पत्राच्या शेवटी एकच ओळ होती : ‘बाबा, बोलावलंत तर येईन.’ त्याआधी ती एकदा न बोलावता आली होती, परस्पर लग्न केल्यावर दोन वर्षांनी. तेव्हा उंबऱ्यातच मी जे बोललो, ते लिहिण्याजोगं नाही. पत्र तीन वर्षं शब्दकोशात आहे. उत्तराचे सात मसुदे झाले. एकही धड वाटला नाही. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासली, त्याचा हा परिणाम असावा.

बटणला मी आणलं नाही. तोच दाराशी येऊन बसला. ओंजळीएवढं पिल्लू. पण फट दिसली की सुसाट! फाटकापलीकडे ट्रकांचा रस्ता. घराच्या काचा दिवसभर थरथरतात. मी कुत्र्यांवरचं पुस्तक आणलं.

“काका, तुम्ही काय वाचताय? त्याला द्या वाचायला!” शेजारची नर्स हसली. मग तिनंच शिकवलं. लांब दोरी, एकच हाक, आला की पावाचा तुकडा. “आणि कितीही उशिरा येऊ दे, आल्यावर मारायचं नाही. नाहीतर जवळ गेलं की मार, एवढंच त्याच्या डोक्यात बसेल.”

“तेवढं कळतं मला,” मी म्हणालो.

बारा दिवसांत बटण हाकेसरशी येऊ लागला. तेराव्या दिवशी मी दोरी सोडली आणि तो फाटकाखालून पसार झाला. तासभर हाका मारून घसा बसला. शेवटी आपणहून आला, शेपटी हलवत, थेट पायाशी. माझ्या हातात वर्तमानपत्राची गुंडाळी होती. दोनच फटके. तो ओरडलाही नाही. नर्स गच्चीत कपडे वाळत घालत होती. तिनं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या सकाळी दूध घेताना फाटक उघडं राहिलं. बटण रस्त्याच्या कडेला उभा होता.

“बटण, ये.”

त्यानं वळून पाहिलं. कान पाडले.

“ये रे राजा.” मी एक पाऊल पुढे टाकलं. तो एक पाऊल मागे सरला.

“काका, पुढे जाऊ नका! खाली बसा!” नर्स वरून ओरडली.

गुडघ्यांमुळे मला बसायला वेळ लागतो. मी निम्मा वाकलो होतो, तेव्हा ट्रकचा भोंगा वाजला.

दुपारी शब्दकोश उघडला. मसुदा केला नाही. ‘ये. केव्हाही ये. मी काही बोलणार नाही.’

“द्या, मी टाकते जाता जाता,” नर्स म्हणाली.

“नको.”

टपालपेटी रस्त्यापलीकडे आहे. मी ओलांडून गेलो, पाकीट आत सोडलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबलो.