पहिला घोट आणणाऱ्याचा

माझा भाऊ समुद्राला भीत नाही, वादळाला भीत नाही. पण कोणी फोटो काढायला लागलं की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. त्यापायी आमची खाडी जाणार होती.

क्वामेना आमच्या किनाऱ्यावरच्या होडीवाल्यांचा मुखिया, सगळे त्याला नाना म्हणतात. मी अराबा, त्याची धाकटी बहीण आणि चुलीच्या धुरावर मासे सुकवणाऱ्या बायकांची पुढारी. मला तोंडावर कोणी काही म्हणत नाही.

बंदरातली जहाजावर खनिज चढवायची जुनी शेड पाडून नवी, चारी बाजूंनी झाकलेली बांधायची होती. बांधा की! नको कोण म्हणतंय? तिच्यातल्या गंजक्या सरकत्या पट्ट्यावरून उडणारी लाल धूळ जन्मभर आमच्या माशांवर बसली. गिऱ्हाइकं विचारायची, "मासा विकतेस की वीट?" नवी शेड हवी म्हणून आम्हीच तर बोंबललो होतो.

त्यासाठी कंपनीचा बैदू साहेब किनाऱ्यावर आला. आमच्यातलाच, आमच्या फांती जमातीतल्या आईच्या पोटचा, शहरात राहून नको तितका शहाणा झालेला. त्याने जिन दारूची बाटली नानापुढे ठेवली. आता बाटली समोर आली की आधी विचारायचं, "काय काम काढलंत?" काम पटलं तरच बूच काढायचं. मग आणणाऱ्याने पहिला घोट घ्यायचा, म्हणजे आत विष नाही हे कळतं. उरलेली जमिनीवर ओतायची, पूर्वजांसाठी. ती जमिनीला लागली की शब्द पक्का, मग कोणाचा बाप आला तरी फिरत नाही. हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"नाना, बाटली हातात घेऊन जरा हसा!" कॅमेरावाला म्हणाला.

नाना हसला. आणि हसता हसता बूच काढून बसला! काम विचारलंच नाही.

"वा, मान्य झालं तर!" बैदूने टाळी वाजवली. "नवी शेड होईल. जुन्या शेडखालची माती तेवढी तुमच्या खाडीत भरू. वर सपाट जागा मिळेल, बाजार मांडा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या मातीत आजोबांच्या वेळेपासूनचं यंत्रांचं तेल मुरलंय. गेल्या पावसात तिचा एक ओघळ खाडीत आला, तर खेकडे पोट वर करून तरंगत होते. लाटा उसळल्या की आमच्या होड्या त्याच खाडीत शिरतात. ती बुजवली तर माणसं उघड्या समुद्रात मरायची?

"खाडी नाही मिळायची," मी म्हटलं.

"आंटी, बूच निघालंय," बैदू गोड हसला. "आणि माती तपासलीय आम्ही. खाल्ली तरी काही होणार नाही."

नानाचा चेहरा पडला होता. आपलेच दात नि आपलेच ओठ, त्याला तिथे काय बोलणार? मी उठले. बंदराचं कुंपण फुटलेलंच आहे. आत शिरून जुन्या शेडखालची मूठभर काळी माती आणली. पेल्यात जिन ओतली, वर चिमूटभर माती टाकून बोटाने ढवळली. वर तेलाचा तवंग आला.

"घ्या साहेब. पहिला घोट आणणाऱ्याचा."

बायका फिदीफिदी हसायला लागल्या. "प्या की, साहेब! मक्याचं केंके देऊ का तोंडी लावायला?"

बैदूने पेला हातात घेतला, पण ओठांपर्यंत काही गेला नाही. तेवढ्यात नाना पुढे आला. "चूक माझी आहे. मी पितो."

"बस खाली! बाटली तू आणलीस का?" मी त्याला दटावलं.

सगळ्यांचं लक्ष नानाकडे गेलं आणि बैदूने पेला हळूच वाळूकडे कलता केला. लबाड! एक थेंब जमिनीला लागला असता, तर खाडी गेलीच असती. मी धावले, दोन्ही हातांची ओंजळ खाली धरली. जिन तळव्यांवर सांडली, चुलीवर भाजलेल्या बोटांना झोंबली, पण वाळूवर थेंब पडू दिला नाही.

ओंजळीतली जिन, पेल्यातली जिन, सगळी मातीसकट बाटलीत परत घातली आणि बूच ठोकलं.

"घेऊन जा. तुमची माती, तुमची दारू. शब्द आमचा आहे, तो इथेच राहील."

काही आठवड्यांनी बैदू आणि त्याची माणसं नवी बाटली घेऊन आली. कॅमेरा वर होताच नानाने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "आधी काम सांगा!" तो असा ओरडला की कावळे उडाले.

बैदू मान खाली घालून म्हणाला, माती झाकलेल्या ट्रकमधून डोंगरापलीकडच्या बंद खाणीत नेऊ, खाली जाड अस्तर घालून पुरू. खाडीला हात लावणार नाही.

नानाने माझ्याकडे पाहिलं.

"आधी तो खड्डा दाखवा," मी म्हटलं. "तिथे कोणाची विहीर आहे का, तेही बघू."

"आत्ता?"

"मग काय, मुहूर्त काढायचाय?"

आम्ही बायका त्यांच्या गाडीत जाऊन बसलो. बाटली माझ्या मांडीवर होती, बूच अजून तसंच लावलेलं.