उद्याचं जेवण

चष्मेवाल्याने खोटं बोलायचं ठरवलं, तेव्हा त्याला ते खोटं वाटलंच नव्हतं. त्याला ती व्यवस्था वाटली होती. आपलं पाप आपल्याला नेहमी व्यवस्थाच वाटतं, त्यात नवल ते काय!

झालं होतं असं. त्याची आत्या बऱ्याच वर्षांनी यायची होती, यजमानांना घेऊन, एका रविवारपुरती. सोमवारी सकाळच्या गाडीने परत. आणि चार गल्ल्या सोडून राहत होता तिचा सख्खा धाकटा भाऊ, चष्मेवाल्याचा काका. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, लग्न काही केलं नाही. नट आवळायचा पाना कायम खिशात, म्हणून घरात त्याचं नाव पानाकाका.

माणूस सोन्यासारखा. पण खोड अशी की दुसऱ्याच्या घरी गेला की त्याचे हात शिवशिवायचे. आत्या मागे आली होती तेव्हा हा भर जेवणात ताटावरून उठला. का, तर म्हणे मिक्सर घरघरतोय. बघता बघता मिक्सरची आतडी ओट्यावर! वाटण तसंच राहिलं, जेवणं खोळंबली, आणि सगळं परत जोडल्यावर एक स्प्रिंग उरली. "ही कंपनीने उगाच घातली होती," म्हणाला आणि खिशात टाकून चालता झाला. तेव्हापासून तो मिक्सर एकदाही कुरकुरला नाही, हे मात्र चष्मेवाल्याची बायको कुणाला सांगत नाही.

आत्या येणार म्हटल्यावर बायको एवढंच म्हणाली होती, "या खेपेला तरी मला निवांत बसून जेवू द्या." बस. काकाला बोलावू नका, असं ती बापडी म्हणाली नव्हती. पुढचं सगळं डोकं याचं. काकाला सांगितलं, आत्या सोमवारी येतेय. सोमवारी सकाळी आत्याला गाडीत बसवायचं आणि काकाला कळवायचं, अहो काका, त्यांचं यायचं रहितच झालं. आणि आत्याला सांगायचं, काकाला ताप आहे, डॉक्टरांनी कुणाला भेटू नका म्हटलंय. फोनाफोनीची भीती नव्हती. काकाचा फोन बहुतेक वेळा उघडून ठेवलेला असे, त्याला हवा तेव्हा तो जोडायचा आणि करायचा. सापही मेला आणि काठीही शाबूत! आपल्या हुशारीवर चष्मेवाला दोन दिवस खूश होता.

रविवार उजाडला आणि पाहुणे आले. आत्या दारातूनच ओरडली, "अरे, किती वाळलास! दुकानात भिंगं पुसतोस की खातोस?" आतोबा तिच्या मागून दोन बॅगा आणि एक टॉवेलात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन आले आणि पहिली खुर्ची दिसली तिच्यात बसले. आतोबांचं असंच. बसले की त्यांना उठवायला जेवणाचं ताटच लागतं.

"धाकटा कुठाय?" आत्याने चप्पल काढता काढता विचारलं.

"ताप आहे काकांना," चष्मेवाला म्हणाला. "संसर्गाचा आहे. डॉक्टर म्हणाले, लांबच राहा."

"अगं बाई! आणि करतंय कोण त्याचं?"

"शेजारी आहेत. मी जाऊन येतो ना रोज." हे खोटं आधी ठरलेलं नव्हतं, ते आपलं आपणच आलं. एक खोटं घरात घेतलं की ते आपलं गणगोत घेऊन येतं.

ओट्यापाशी उभ्या बायकोने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. तिला तापाचं काहीच ठाऊक नव्हतं. तो तिची नजर चुकवून पाणी आणायला गेला.

आणि खरं सांगायचं तर दिवस फार छान गेला. खोटं कशाला बोला? एकाने बोललं तेवढं पुरे. खिडकीतून ऊन जेवणाच्या टेबलावर येत होतं. मासे तळले होते, गरम भात होता, लिंबू पिळून काकडी होती. बायको सगळ्यांबरोबर बसून जेवली, अगदी पहिल्या घासापासून. आतोबा म्हणाले, "सूनबाई, या माशासाठी मी पुढच्या जन्मी मांजर व्हायला तयार आहे." आत्या म्हणाली, "या जन्मी काय वेगळं करताय? खायचं आणि ऊन बघून झोपायचं." सगळे हसले. चष्मेवालाही हसला. टेबलाला पाच खुर्च्या होत्या आणि पाचवी त्याने सकाळीच आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती.

भाताची दुसरी वाढ होत असताना फोन वाजला.

त्याने नाव पाहिलं आणि फोन घेऊन तडक आतल्या खोलीत गेला. काका होता.

"अरे, ऐक. ताईला आंबट चालतं का हल्ली? आणि आतोबांना तिखट?"

"चालतं. का?"

"का म्हणजे? उद्या सगळ्यांनी माझ्याकडेच जेवायचं. मी सगळं आणलंय. मागच्या वेळी माझ्यामुळे तुझ्या बायकोला फार त्रास झाला रे. तिला म्हणावं, उद्या तू पाहुणी. नुसतं यायचं आणि बसायचं."

बाहेर आत्याचं हसणं चाललं होतं. चष्मेवाल्याने फोनवर हात धरला. आत्ता म्हणता आलं असतं, काका, माझी चूक झाली, आत्या आजच आलीय, आहात तसे या. चार गल्ल्या तर होत्या. भातही गरम होता. तो त्या पाचव्या खुर्चीसमोर उभा होता, तरी त्याच्या तोंडून निघालं काय, तर "बरं काका, सांगतो." आणि त्याने फोन ठेवला.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "कोण होतं?"

"गिऱ्हाईक. फ्रेम तुटली म्हणत होतं."

"रविवारी?" ती म्हणाली. तिने त्याच्या ताटात मासा वाढला. तो त्याला जाईना.

जेवण झाल्यावर आतोबा सोफ्यावर आडवे झाले आणि आत्याने ते टॉवेलातलं गाठोडं मांडीवर घेतलं. आत छोटा रेडिओ होता. बटण फिरवलं की नुसतं गरगरायचं.

"दे इकडे," चष्मेवाला म्हणाला. "माझ्या दुकानाशेजारी एक जण आहे, उद्या..."

"हात लावू नकोस!" आत्याने रेडिओ छातीशी धरला. "हा धाकट्यासाठी आहे. मीच बिघडवलाय."

"बिघडवलाय?"

"स्क्रू काढून आणलाय. हा बघ, रुमालाच्या गाठीत." ती लबाड हसली. "अरे, त्याला रिकाम्या हातांनी बोलता येत नाही. लहानपणापासून असंच. आई गेली तेव्हा सगळे रडत होते आणि हा अंगणातली सायकल उघडून बसला होता. मी जाऊन त्याच्याजवळ बसले, चेन हातात धरून. तेव्हा बोलला, भडाभडा बोलला. मागच्या वेळी मी काही नेलं नव्हतं, म्हणून बिचाऱ्याने तुमचा मिक्सर धरला. चूक माझीच. मी येते इतक्या वर्षांनी, त्याला सांगायचं असतं खूप काही. या वेळी म्हटलं, त्याचं काम आपणच घेऊन जावं."

चष्मेवाल्याची बायको हातातली ताटं घेऊन तशीच उभी राहिली. मग ती आत गेली आणि नळ जोरात सोडला.

चष्मेवाला खिडकीशी गेला. त्याला स्वतःची लाज वाटली, अशी की कान तापले. लोकांना जवळचं दिसत नाही म्हणून तो आख्खा दिवस त्यांच्या नाकावर भिंगं चढवायचा, आणि काकाची ती नुसती खोड आहे असं त्याला आजवर वाटत आलं होतं. पण लाज वाटणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. चहा झाला. जुन्या गोष्टी निघाल्या. आतोबा उठले, खाऊन परत पेंगले. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तो मनाशी म्हणे, आता सांगतो. आणि पुढची गोष्ट सुरू व्हायची.

उन्हं उतरली तशी आत्या उठली आणि तिने पदर खोचला.

"चल. मला धाकट्याकडे ने."

"आत्या, अगं ताप... संसर्ग..."

"गोवर, कांजिण्या, खरूज, सगळं आम्ही एका पांघरुणात काढलंय. मला त्याचा ताप काय करणार? सूनबाई, डबा भर."

डबा भरलेलाच होता. बायकोने तो नवऱ्याच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "तुम्हीच जा. मला त्यांना तोंड दाखवायची हिंमत नाही." म्हणजे तिला कळलं होतं. तिची काही चूक नव्हती, तरी तीच रडवेली झाली होती.

आतोबांना घोरत ठेवून दोघं निघाली. चार गल्ल्या चष्मेवाल्याला कधी इतक्या लांब वाटल्या नव्हत्या आणि कधी इतक्या जवळही. वाटेत तीनदा त्याने "आत्या" म्हटलं आणि तीनदा ती "काय रे?" म्हणाली आणि तीनदा तो म्हणाला, "जपून, खड्डा आहे." काकाच्या इमारतीतली लिफ्ट आवाज न करता वर गेली. ती काकाच सांभाळायचा, फुकट.

दार उघडलं ते काकानेच. बाह्या वर केलेल्या, हाताला साबणाचा फेस, गालावर काळा डाग. त्याने बहिणीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा काही फुलला की चष्मेवाल्याने खाली पाहिलं.

"ताई! अगं, तू तर उद्या..."

"तू उठलास कशाला?" आत्याने त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप कसाय?"

काकाने पुतण्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, स्क्रूचा आटा कुठला हे बघायला लागतं तेवढाच वेळ.

"उतरला," काका म्हणाला. "दुपारीच उतरला. ये ना आत."

खोली धुऊन पुसून लख्ख केली होती. टेबलावर नवं कापड होतं, घड्या तशाच दिसत होत्या. भोवती चार खुर्च्या, एकही दुसरीसारखी नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आणलेल्या. पाचवं एक स्टूल. आणि कपाटावर काकाची हत्यारांची पेटी, सुतळीने करकचून बांधलेली, वर गाठीवर गाठ.

"खुर्च्या कसल्या रे एवढ्या?" आत्याने विचारलं.

"शेजारी रंग लावतायत. ठेवायला दिल्यात."

"आणि पेटी का बांधलीस?"

"आजारी होतो ना," काका म्हणाला. "हात जाऊ नये म्हणून."

"मग सोड ती आता. मी तुला काम आणलंय." आणि तिने टॉवेल उलगडला.

काकाने डबा घेतला आणि तो ठेवायला स्वयंपाकघरात गेला. चष्मेवाला त्याच्या मागे गेला. ओट्यावर कडधान्य भिजत घातलेलं होतं, मोठ्या पातेल्यात. सोललेला लसूण वाटीत झाकून ठेवला होता. काकाने नळाखाली हात धरले आणि पाठमोराच म्हणाला, "ताई कधी जाणार?"

"उद्या सकाळच्या गाडीने."

"हं." तो हात धूत राहिला. "माझंच ऐकण्यात चुकलं असेल. हल्ली वारांचा घोळ होतो माझा."

पुतण्याला पळवाट देऊन काका मोकळा झाला होता. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही काका," चष्मेवाला म्हणाला. "तुम्ही नीट ऐकलंत. मीच सोमवार सांगितला."

काकाने नळ बंद केला. फडक्याला हात पुसले, एकेक बोट वेगळं.

"समजलं मला," तो म्हणाला. "ताईला सांगू नकोस हं. तिला वाईट वाटेल." मग जरा थांबून, खरोखरच जाणून घ्यायचं म्हणून त्याने विचारलं, "दिवस छान गेला ना तुमचा? बायकोला बसून जेवता आलं?"

चष्मेवाल्याला नाही म्हणायचं होतं. देवाशपथ, त्याला नाही म्हणायचं होतं. पण आता आणखी खोटं बोलायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

"हो काका," तो म्हणाला. "छान गेला."

"मग झालं तर," काका म्हणाला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बाहेर गेला.

बाहेर सुतळी सुटली, पेटी उघडली. भाऊबहीण शेजारी शेजारी बसली, मध्ये रेडिओ. काका बोलायला लागला. एका लिफ्टची गोष्ट, तिच्यातून दुसरी, आणि मग अचानक, मान खाली घालूनच, "ताई, मला इथे फार एकटं वाटतं गं." आत्या स्क्रू हातात धरून बसली होती. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला गेली आणि स्क्रू पडला.

"अरे, गेला कुठे?" आत्या म्हणाली. "तू बघ रे. तुझ्या चष्म्याला दिसेल."

चष्मेवाला गुडघ्यांवर बसला आणि उसन्या खुर्च्यांखाली शिरला. स्क्रू समोरच होता, त्याच्यासाठी मांडलेल्या खुर्चीच्या पायाशी. तो त्याने मुठीत घेतला, पण त्याला वर येता येईना. चष्म्याच्या आतून सगळं भिजून गेलं होतं.

"सापडला का?" वरून काकाने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "शोधतोय."