तरंगणारा पिवळडोळ्या

कोण कुठे चुकलं, हे माझ्या नजरेतून सुटत नाही. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसले, त्याचा हा गुण. गावात जे, तेच समुद्रावर. साठ वाव, म्हणजे तीनशे साठ फूट, खोलीतून वर ओढलेला रॉकफिश मासा येतो तो आतली हवा फुगून पोट तोंडातून बाहेर आलेलं, डोळे खोबणीतून सुटलेले असा. तो ठेवायची बंदी, सोडावाच लागतो; पण नुसता पाण्यात टाकला तर बुडत नाही, तरंगत राहतो आणि गरुडाच्या पोटात जातो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक होडीत शिसं बांधलेला उलटा आकडा असतो. तो माशाच्या ओठात अडकवायचा, मासा परत खोल न्यायचा, एक हिसका द्यायचा. मासा सुटतो, आकडा वर येतो. कोण हे नेमाने करतं, कोण इकडेतिकडे बघून मासा तसाच भिरकावतं, कोण शहाणपणा करून हवा काढायला सुरीने त्याचं पोट टोचतं, सगळं माझ्याकडे तारीखवार.

गेल्या उन्हाळ्यात गावातल्या मर्नाने सोडलेला एक पिवळडोळ्या धक्क्याजवळ तरंगताना मी पाहिला. रॉकफिशातला हा सगळ्यात दीर्घायुषी, नारिंगी, आजीच्या वयाचा. शुक्रवारच्या कॉफीला सभागृह भरलेलं होतं, तिथे मी सांगितलं, "मर्नाच्या होडीमागून नारिंगी फुगे निघतात बरं का!" काय हशा पिकला! त्या दिवसापासून तिचं नाव फुगेवाली. ती कॉफीला यायची बंद झाली, हेही मी टिपून ठेवलं होतं. कारण मात्र टिपलं नव्हतं.

यंदा जूनमध्ये, एका मंगळवारी, ऑर्व्हिल भावजींना घेऊन हॅलिबटला, त्या मोठ्या चपट्या माशाला, गेले. माझी बहीण गेल्यापासून त्यांना मीच नेते. सत्तरी उलटलेली, बोटं सांध्यांत वाकलेली. गळ टाकता येतो, गाठ सोडता येत नाही. भरती संपून पाणी थांबायच्या बेताला होतं. ही वीसेक मिनिटंच हॅलिबट मनापासून खातो. नेमकं तेव्हाच माझं शिसं खडकात अडकून तुटलं. जादाचं शिसं धक्क्यावर, गाडीत. मी सोडायच्या आकड्याचं शिसं काढलं आणि माझ्या दोराला बांधलं.

"सिग्ने, ते माशांसाठी आहे," भावजी म्हणाले.

"मासे कुठे मागायला आलेत?"

पाच मिनिटांत भावजींची काठी वाकली. रीळ गुंडाळत, धापा टाकत त्यांनी वर काढला तो पिवळडोळ्या, हातभर लांब. आणि त्याच क्षणी माझी काठी पाण्यापर्यंत वाकली. हॅलिबट, आणि मोठा.

"अगं, हात दे जरा. माझंच शिसं आकड्याला लावू. ही गाठ मला सुटत नाही."

"थांबा, हा येऊ दे."

"दोन मिनिटांचं काम आहे गं."

"दोन मिनिटांत हा पळेल!"

त्यांनी दातांनी गाठ सोडवून पाहिली. मांडीवरचा मासा घसरला आणि पाण्यात गेला. उताणा, पांढरं पोट वर, प्रवाहाबरोबर लांब लांब. मी पाहिलं. पाहून पुन्हा रीळ फिरवायला लागले.

हॅलिबट आला, साठ पौंडांचा. त्याला आत घेऊन मान वर केली तेव्हा पिवळडोळ्यावर समुद्रपक्षी घिरट्या घालत होते. आणि त्याच्या शेजारी मर्नाची होडी उभी होती. तिने जाळीने मासा उचलला, ओठात आकडा अडकवला, खाली सोडला. दोर बराच वेळ सुटत राहिला. एक हिसका, आणि आकडा रिकामा वर आला.

"गेला खाली," ती तिथूनच म्हणाली.

"हो का," मी म्हणाले.

भावजी मला बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी थर्मासमधली कॉफी ओतून पहिला कप माझ्या हातात दिला. त्यांच्या ओठाला गाठीने चीर पडली होती.

धक्क्यावर केल्सी उभी होती. येणाऱ्या प्रत्येक होडीला विचारून माशांची नोंद करणं हे तिचं काम. "रॉकफिश सोडले?"

"एक."

"आकड्याने? खोल नेऊन?"

"हो."

तिने खूण केली. शब्द एकही खोटा नव्हता. दोन हातांवर मासे साफ करायच्या टेबलाशी मर्ना पाठमोरी उभी होती. तिची सुरी थांबली आणि परत चालू झाली.

तेवढ्यात शेजारच्या होडीतून हार्लनने आवाज दिला, "काय सिग्ने, आज फुगेवालीने किती सोडले?" माणसं हसली. आणि माझंही तोंड सवयीने हसायला उघडलं. ते मला जाणवलं तसं मी ते मिटलं.

"आजचा फुगा माझा होता," मी म्हणाले. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणाले. "माझ्या आकड्याला शिसं नव्हतं. मी ते हॅलिबटसाठी वापरलं. भावजी हात मागत होते, मी दिला नाही. मासा मर्नाने खाली नेला."

हार्लन दोरखंड आवरायला लागला, आवरण्यासारखं काही नसताना.

केल्सी कागदाकडे बघत राहिली. "मग काय लिहू? दुसऱ्याच्या आकड्याने, असा रकाना नाहीये."

"'नाही' लिही."

"'हो' लिही, केल्सी," मर्ना वळली. हात कोपरापर्यंत माखलेले. "मासा खाली गेलाय. 'नाही' कशाला?" मग माझ्याकडे बघत म्हणाली, "हे इथे ऐकलं चौघांनी. शुक्रवारी कॉफीला सांगशील?"

"सांगेन."

"उभं राहून," ती म्हणाली. "तेव्हा माझे फुगे सांगायला खुर्चीवर चढली होतीस."