तळाची ओळ

कारकुनाने पाचवा कोरा कागद पुढे ओढला आणि अगदी तळाशी लिहिलं, 'जबानी वाचून दाखवली, ती बरोबर असल्याचे सांगणाऱ्याने कबूल केले.' सहावा. सातवा. कचेरी भरायला अजून वेळ होता. गोऱ्या साहेबाला खोळंबा खपत नसे, म्हणून रोज सकाळी विसेक कागदांच्या तळाशी ही ओळ आधीच पडायची. मग दिवसभर वरची जागा भरायची. वाचून कुणालाच दाखवायचं नाही. बावीस वर्षं.

आठव्यावर शाईचा थेंब पडला. त्याने तो टिपला, उठला, खिडकीशी गेला, परत येऊन बसला.

व्हरांड्यात नावाड्याची बायको बसली होती. काल होती. परवाही.

"दाजी, झालं का त्या पत्राचं उत्तर?"

शिरस्तेदार आत आला. कचेरीत वरचा, घरी धाकटा मेहुणा.

"लिहितोय."

"त्यात लिहायचंय काय एवढं? वरचं कोर्ट विचारतंय, बाईला जबानी वाचून दाखवली होती का. हो म्हणायचं. तुमच्या कागदावर तर उत्तर आयतंच आहे, नुसती सही ठोका!"

"आणि तो नावाडी दोन वर्षं आत राहील."

"नाका त्यानेच जाळला असेल."

"नसेल तर?"

मेहुण्याने दार लोटून घेतलं. "एका जबानीला नाही म्हणालात, की बावीस वर्षांच्या जबान्या दारात रांग लावतील. तुमची नोकरी जाईल, माझं नाक कापलं जाईल, आणि ताई मला उंबरा ओलांडू द्यायची नाही. दहाला डाक निघते. बघा बुवा."

तो गेला.

जबानीचा तो दिवस.

गावच्या कमिटीने होड्यांवर करपट्टी बसवली, चार दिवसांत वसुलीचा नाका जळाला, आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडला होता म्हणून नावाड्याला धरलं. बायको उभी राहून सांगत होती, कारकून लिहीत होता. लिहिता लिहिता कागद संपला. खाली ती ओळ. बाई बोलतच होती, "आग लागली तेव्हा हा पोरीला घेऊन दवाखान्यात होता, कंपाउंडरला विचारा." साहेबाला तिची भाषा येत नव्हती. कागदावर उतरेल तेवढंच त्याला कळायचं.

कारकुनाने टाक खाली ठेवला होता.

आता त्याने तो उचलला.

'होय.'

खोडलं.

'नक्की आठवत नाही.'

खोडलं. कागद चुरगळला. दुसरा घेतला, तर त्याच्याही तळाशी ओळ हजर. तोही बाजूला सारला. कपाटातून नवा काढला, वरपासून खालपर्यंत कोरा. भराभर लिहिलं, आणि विचार बदलायच्या आत दार उघडलं.

"बाई, आत या."

ती आली. बसली नाही.

"लिहिलंय ते ऐका." त्याने घसा साफ केला. "'जबानी वाचून दाखवली नाही. तळाची ओळ आधीच लिहिलेली होती. दवाखान्याची गोष्ट बाईने सांगितली होती. कागदावर जागा न उरल्याने ती राहून गेली.'"

बाई टेबलाकडे बघत होती. तिथे खटल्याचं दप्तर उघडं पडलं होतं.

"हाच का माझा कागद?"

"हाच."

"उलटा करा बरं."

त्याने उलटा केला. मागली बाजू पांढरीस्वच्छ होती. कचेरीत मागे लिहायची रीत नव्हती. तेच सांगायला त्याने तोंड उघडलं.

"जागा होती की," बाई म्हणाली.

बाहेर डाकवाला थैलीचं तोंड आवळत होता. मेहुणा व्हरांड्यात दोनदा खाकरला.

कारकुनाने शेवटचं वाक्य खोडलं. वर लिहिलं, 'जागा होती. मी लिहिली नाही.' आणि ते सगळं पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवलं, या वेळी सावकाश.

"आता?"

"आता बरोबर आहे."

त्याने टाक दौतीत बुडवला आणि तळाशी ती ओळ लिहिली.