सत्तावीस टक्के

गाब्रोवोच्या लोकांची काटकसर हा साऱ्या बल्गेरियात चेष्टेचा विषय. म्हणे इथे मांजरीची शेपटी कापतात. का, तर ती बाहेर पडताना दार लवकर लावता यावं आणि घरातली ऊब वाया जाऊ नये. स्तामेनला हा विनोद कधी विनोद वाटलाच नाही. मांजरीचं सोडा, पण दाराबद्दलचं म्हणणं बरोबर होतं.

नदीकाठच्या तीन मजली बाजार-इमारतीचा तो अकरा वर्षं राखणदार होता. शहराच्या बॉयलरघरातून पाईपानं गरम पाणी येई आणि खिडक्यांखालच्या लोखंडी रेडिएटरांतून फिरे. खिडक्या एकेरी काचेच्या, भिंती उघड्याबोडक्या. आलेली ऊब चाळणीतल्या पाण्यासारखी निघून जाई. म्हणून स्तामेन कमरेला किल्ली अडकवून दर तासाला फेरी मारायचा. जिन्यातला व्हॉल्व बंद. वरचा पॅसेज बंद. गिऱ्हाईक नसेल त्या दुकानातला निम्मा बंद. दुकानदार कोट घालून बसत. कुणी कुरकुरलं की तो म्हणे, "थंडीनं माणूस मरत नाही, बिलानं इमारत मरते."

आणि इमारत खरंच शेवटच्या घटका मोजत होती. मालक असलेल्या सहकारी संस्थेनं स्वच्छ सांगितलं होतं, दुरुस्तीला अनुदान मिळालं तर ठीक, नाहीतर मेअखेर कुलूप. अनुदानाआधी इमारतीची ऊर्जा-तपासणी लागते. ती करायला नोव्हेंबरात योर्दांका नावाची इंजिनियर आली आणि खोल्याखोल्यांत तापमान टिपणाऱ्या डब्या ठेवून गेली. तपासणी म्हणजे परीक्षा, असं समजून स्तामेननं त्या हिवाळ्यात आणखी दोन व्हॉल्व आवळले.

मार्चमध्ये ती अहवाल घेऊन त्याच्या खोलीत आली. मागोमाग दुसऱ्या मजल्यावर कोट शिवणारी त्स्वेतानाही आली, बोटं कापलेले हातमोजे घालून.

"काका, बसा ना."

"उभाच बरा. पास की नापास ते सांग."

"अट तीस टक्के बचतीची आहे," योर्दांका म्हणाली. "मागच्या तीन वर्षांच्या बिलांशी ताडून. मी सगळं धरलं. भिंतींना आवरण, दुहेरी काचा, नवे पाईप. सत्तावीसच येतात."

"एवढी चाळण बुजवून सत्तावीस?" त्स्वेताना म्हणाली. "पुन्हा मोज, मुली."

"तीनदा मोजलं, मावशी. तुमच्या खोलीत हिवाळाभर तेरा अंश होतं. हवं वीस. उद्या दुरुस्ती झाली की तुम्ही कोट काढून बसणार, मग खोली वीसवर ठेवावी लागणार. तीही ऊब खर्चात धरावी लागते. आणि आज तुम्ही इतकी कमी वापरताय, की कापायला उरलंय काय? अर्ध्या पावावर जगणाऱ्याचं जेवण आणखी किती कमी करायचं?"

स्तामेन खाली बसला.

"म्हणजे मी ऊब उधळली असती तर?"

"पुलापलीकडच्या ऑफिसांत लोक भर जानेवारीत खिडक्या उघडून बसतात. त्यांचे एक्केचाळीस आले."

"तीनच कमी पडतायत, पोरी. लिहून टाक की."

"बिलं जोडावी लागतात, काका. आणि ती तुम्हीच कमी केलीत." हे ती हळू आवाजात बोलली, पण बोललीच.

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी ही योजनाच नाही."

तिला चहा विचारायचं कुणाला सुचलं नाही. ती गेल्यावर त्स्वेताना म्हणाली, "मांजरीची शेपटी कापायला गेलास, स्तामेन, आणि मांजरच गेलं." ती हसायला लागली होती, पण मध्येच थांबली.

त्यानं किल्ली घेतली आणि वरपासून एकेक व्हॉल्व उघडत आला. जिना. पॅसेज. घड्याळवाल्याचं दुकान. लोखंड कुरकुरत तापू लागलं. घड्याळवाल्यानं कोटाची वरची गुंडी काढली.

शेवटी त्स्वेतानाची खोली. तिथे खिडकीखाली दुसरा एक रेडिएटर होता, स्वतः नोकरीला लागल्यापासून त्यानं तो बंदच ठेवलेला. तिला एक पुरे, असं त्यानं तेव्हाच ठरवलं होतं. व्हॉल्व आधी फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा फिरला. स्तामेननं कान लावला. आत पाण्याचा आवाज नव्हता. अकरा वर्षांचा गंज पाईप धरून बसला होता.

"उघडलास?" तिनं शिवणयंत्रावरून विचारलं.

"उघडला."

ती उठून आली. हातमोजा काढून तिनं रेडिएटरवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"येईल हळूहळू," ती म्हणाली आणि हातमोजा परत चढवला.

जाताना त्यानं दार ओढून घेतलं, नेहमीसारखं, पटकन.