बोटभर तूप

मी एक जुना, पत्र्याचा, लांबोडका डबा आहे. ब्रेड भाजायचा डबा. बडोद्यात कारेलीबागेतल्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या कप्प्यात माझा मुक्काम असतो. माझ्यावर तवा पालथा घातलेला, माझ्या पोटात लाटणं आणि चिमटा. मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल. त्याच्याकडे कोणी फारसं बघत नाही. पण आम्हा भांड्यांना घरातलं सगळं ऐकू येतं. माझ्या पोटात एक गोष्ट फार दिवस राहिली आहे, ती आज सांगतो.

जन्माने मी सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचा डबा. पंधरा किलोचा. तेल संपलं, तेव्हा घरातले जयवंतराव मला भंगारात द्यायला निघाले होते. हे जयवंतराव प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये पत्र्याचं काम करायचे. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत शिपाई होते, पण जयवंतरावांच्या हातात शोभायची ती पत्र्याची कातर. त्यांच्या पत्नी राजेश्वरीबाई त्या उन्हाळ्यात महिला मंडळाच्या वर्गात ब्रेड आणि नानखटाई शिकत होत्या.

"अहो, बाजारातले ब्रेडचे डबे आपल्या गोल ओव्हनमध्ये मावत नाहीत," त्या म्हणाल्या.

"मग ओव्हनच्या मापाचाच करू की. त्यात काय एवढं!"

रविवारी सकाळी गॅलरीत बसून त्यांनी मला उलगडलं, कापलं, लाकडी हातोडीने ठोकून सरळ केलं. डाक लावायचा नाही, खाण्यात शिसं जातं, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून कागदाची होडी करताना घालतात तशा माझ्या चारही कोपऱ्यांना घड्या घातल्या. थेंबभर पाणी गळलं नाही. जयवंतरावांनी मला उजेडाकडे धरून चारदा फिरवून पाहिलं. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी विसरलेलो नाही.

पण त्या घड्यांमध्येच माझी खोड होती. कणीक घड्यांत शिरायची आणि भाजल्यावर चिकटून बसायची. पहिला ब्रेड काढताना त्याचा एक कोपरा माझ्याकडेच राहिला. राजेश्वरीबाई हसल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी तुपाच्या बरणीत बोट बुडवलं आणि माझ्या चारही कोपऱ्यांना तूप चोळलं. ब्रेड अलगद निघाला. तेव्हापासून तोच रिवाज झाला. आधी तूप, मग कणीक.

पुढची वीस-बावीस वर्षं माझ्या भरभराटीची. दर रविवारी दुधातल्या कणकेचा ब्रेड, वाढदिवसाला केक. त्यांची मुलगी मोहना ओव्हनसमोर पाट टाकून बसायची. ब्रेडची खरपूस कड तिची, हे ठरलेलं. "आई, कड दे, कड!" म्हणून ती गरम तुकडा या हातातून त्या हातात झेलायची. शेजारपाजारचे लोक म्हणायचे, राजेश्वरीबेन, हा डबा कुठे मिळाला? त्या म्हणायच्या, हा मिळत नाही, हा आमच्या यांनी केलाय. मित्रांनो, मी नुसता पत्रा, पण त्या वेळी मला फार बरं वाटायचं.

मग मोहना शिकायला गेली, जनावरांची डॉक्टर झाली, पुण्याकडे नोकरीला लागली. गोल ओव्हनची तार जळली आणि त्याच्या जागी चौकोनी, काचेच्या दाराचा ओव्हन आला. आणि तीन वर्षांपूर्वी, आठ दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन राजेश्वरीबाई गेल्या. त्यांच्यामागे मला कोणी हात लावला नाही. कोणीतरी मला ओलंच ठेवून दिलं, तर माझ्या तळाला गंजाचे दोन ठिपके पडले. जयवंतराव वरण-भात आणि बाहेरच्या भाकरीवर दिवस काढत होते.

वर्षश्राद्धाला मोहना आली. पानं वाढली होती, जयवंतरावांच्या दोघी बहिणी, मेहुणे, शेजारच्या दीप्तीबेन अशी आठ-दहा माणसं बसली होती. जयवंतराव भातावर तूप वाढत मोहनापाशी आले, तर तिने पानावर हात आडवा धरला.

"नको बाबा. मी दूध-तूप सगळं सोडलंय. सांगितलं होतं ना फोनवर?"

"आजच्या दिवस घे."

"नाही हो. रोज गोठ्यांत फिरते मी. वासरांना आयांपासून तोडताना बघते. आता गिळवत नाही मला."

जयवंतरावांनी तुपाची वाटी तिच्या पानाशेजारी ठेवली. "याच तुपावर आईने तुला वाढवलं," ते मोठ्याने म्हणाले, "आणि आज तिच्याच श्राद्धाला तुला त्याचा विटाळ झाला?"

मोहनाने पानाला नमस्कार केला आणि ती उठली. दुपारच्या गाडीने ती गेली.

त्यानंतर फोन यायचे. पण "जेवलात का, गोळ्या घेतल्या का" यापलीकडे ते जात नव्हते. एका संध्याकाळी दीप्तीबेन ढोकळा द्यायला आल्या. त्या मुलांच्या शिकवण्या घेतात आणि हौसेने घरी ब्रेड भाजतात. जयवंतरावांनी चाचरत विचारलं, "दुधाशिवाय ब्रेड होतो का हो?"

"काका, ब्रेडमां दूध जोईए ज क्यां?" दीप्तीबेन म्हणाल्या. "दूध लागतच नाही. पाणी, मीठ, यीस्ट, बस! मी शिकवते ना तुम्हाला."

दुसऱ्याच दिवशी मी कप्प्यातून बाहेर आलो. जयवंतरावांनी चिंचेच्या कोळाने माझा गंज घासला आणि मला उन्हात पालथं घालून वाळवलं. मला वाटलं, माझे दिवस परत आले.

पण सोपं नव्हतं ते. पहिल्या खेपेला पाणी कढत झालं. "यीस्ट मरी गयुं, काका," दीप्तीबेन म्हणाल्या. तो ब्रेड असा झाला की सोसायटीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या गाईने हुंगून सोडून दिला. दुसरा मधे कच्चा. तिसरा चांगला फुगला आणि ओव्हनमध्ये जाताच खाली बसला. मैदा वापरला असता तर लवकर जमलं असतं, पण ते ऐकेनात. पोरीला पचेल असा हलका, निव्वळ कणकेचा हवा होता त्यांना.

हळूहळू हात बसला. कणीक आधी पाण्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेवायची, मग मळायची. अळशीची पूड पाण्यात भिजवून घालायची, म्हणजे ती चिकटा धरते. एक उकडलेलं रताळं कुस्करून टाकलं की ब्रेड मऊ राहतो. चमचाभर सिंगतेल. आणि मळणं म्हणजे, चाळीस वर्षं पत्रा ठोकलेल्या त्या हातांनी पंधरा-पंधरा मिनिटं! कणकेचा पापुद्रा ताणून त्यातून उजेड दिसतो का ते ते बघायचे. सहा महिन्यांनी त्यांचा ब्रेड इतका हलका झाला की दीप्तीबेन मुलांची शिकवणी मधेच सोडून चाखायला आल्या.

माझी खोड मात्र गेली नव्हती. ते तेल लावायचे, पण तेलाने माझे कोपरे ऐकत नव्हते. कधी एक कोपरा तुटायचा, कधी दोन. जयवंतराव म्हणायचे, "चालेल. चवीला तर छान आहे." तुटलेले कोपरे ते स्वतः खायचे.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, मोहना येणार असं कळलं. श्राद्धानंतर पहिल्यांदाच. तेराच्या संध्याकाळी ती आली, आणि चौदाला सकाळी ती आंघोळीला गेलेली असताना जयवंतरावांनी फुगलेली कणीक पुढ्यात घेतली. थंडीमुळे त्यांनी ती आपल्या स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवली होती. मला तेल लावायला त्यांनी बाटली उचलली आणि ते थबकले. माझ्या कोपऱ्यांकडे बघत राहिले. मला कळलं त्यांच्या मनात काय आहे. आज ब्रेड तुटून चालणार नव्हता. आज तो अख्खा, देखणा, पोरीपुढे ठेवायचा होता.

त्यांनी बाटली खाली ठेवली. पोळीला लावायच्या तुपाच्या बरणीत बोट बुडवलं आणि माझ्या चारही घड्यांना चोळलं.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण खरं सांगू? त्या क्षणी मलाही बरंच वाटलं. किती वर्षांनी माझ्या कोपऱ्यांना तूप लागत होतं. आणि ब्रेड तुटला की दोष माझ्यावरच यायचा.

ब्रेड निघाला. अख्खा, बदामी, कापसासारखा. मोहना केस पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली.

"बाबा! हे तुम्ही केलंत?"

"मग कोणी? बस, कापतो."

ती खुर्चीवर बसली. तिने वास घेतला. "दूध नाही ना यात?"

"छे, पाण्यात भिजवलीय कणीक."

"लोणी? तूप?"

जयवंतराव सुरीकडे बघत म्हणाले, "थेंबभरही नाही."

मोहनाने कड उचलली. पहिल्या घासाला तिचे डोळे भरून आले. तिने तीन तुकडे खाल्ले, चिंचेच्या चटणीशी आणि नुसतेही. बाबांनी शिकण्याची हकिगत सांगितली, तसं "सहा महिने शिकत होतात? माझ्यासाठी?" असं म्हणत तिने बाबांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग दोघं गच्चीवर गेली. वरून पतंग कापल्यावरचा "कायपो छे!"चा गलका येत होता, त्यात जयवंतरावांचा आवाज मला ओळखू आला. इतकं मोठ्याने ओरडताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

चारच्या सुमारास मोहना एकटीच खाली आली. बाबांना आवरायला नको म्हणून भांडी घासायला बसली. मला हातात घेतलं, तळ पुसला, कोपऱ्यात बोट घातलं आणि ती थांबली. थंडीच्या दिवसांतही सिंगतेल असं थिजत नाही. माझ्या घडीत मात्र पांढरा, रवाळ थर बसला होता. तिने नखाने तो काढला. वास घेतला.

जयवंतराव हसत आत आले. "अगं, दीप्तीबेनचा पतंग कापला मी!"

"बाबा, डब्याला तूप लावलं होतंत?"

त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. "बोटभर. चिकटू नये म्हणून. कोपरे तुटतात गं याचे."

"तुटले असते तर चाललं असतं मला."

"बोटभराने काय होतं, मोहना? आत कणकेत तर काही नव्हतं."

"तुपाचं नाही हो." तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. "मी विचारलं होतं तुम्हाला."

मोहनाने मला धुतलं, पुसलं, पालथं घातलं. रात्रीचं जेवण तिने केलं. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

दीप्तीबेनना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, मने कहेवुं हतुं ने! मला सांगायचं होतंत ना! डब्यात कागद घालायचा असतो. बटर पेपर!" आणि त्यांनी घरातून एक गुंडाळी आणून दिली. एवढंच होतं. एक कागद. नावात बटर, पण त्यात लोण्याचा अंशही नसतो. जयवंतरावांनी तो कागद हातात घेऊन बघितला, आणि डोळे मिटून घेतले.

मोहना त्यानंतरही येते. फोन करते, त्यांच्या गोळ्या आणते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते, त्यांच्याशी हसते-बोलते. लोकांना वाटतं, बापलेकीचं सगळं छान आहे. पण येताना तिच्या पिशवीत तिच्या स्वतःच्या जेवणाचा डबा असतो. जयवंतरावांनी दोनदा कागद घालून ब्रेड केला, तिच्यासमोर केला, बरण्या उघड्या ठेवून केला. ती म्हणाली, "काय सुंदर वास येतोय, बाबा," आणि आपला डबा उघडला. तिने टोमणा मारला नाही. तिला तो खाता येईना, इतकंच.

एकदा त्यांनी हात जोडून म्हटलं, "चुकलं माझं, मोहना. मी खोटं बोललो."

"माहीत आहे मला, बाबा. मी रागावले नाही," ती म्हणाली. आणि खरंच ती रागावलेली नव्हती. त्याचंच जयवंतरावांना जास्त लागलं.

गेल्या महिन्यात ती आली, तेव्हा तिने स्वतःच मला बाहेर काढलं. "बाबा, आज मी करते ब्रेड. तुम्ही सांगा कसा करायचा." जयवंतराव खुर्ची ओढून बसले. त्यांनी सगळं सांगितलं. पाणी किती कोमट, कणीक किती सैल, रताळं कधी घालायचं. उठावंसं वाटलं तरी उठले नाहीत, हात मांडीखाली दाबून धरले. ब्रेड चांगला फुगला. तिने कापला आणि पहिला तुकडा त्यांना दिला.

मित्रांनो, मला घासून-पुसून कोरडं ठेवा, मी आणखी तीस वर्षं टिकेन. गंज चढला तरी चिंच आहे. पण तुमच्या पानावर बसलेल्या माणसाने "यात काय आहे?" असं विचारलं, तर आहे ते सगळं सांगा. कोपरा तुटू द्या, ब्रेड बसू द्या, माणूस उपाशी उठला तरी उठू द्या. पण सांगा.

जयवंतरावांनी तो तुकडा सावकाश खाल्ला आणि छान झालाय म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुला कापून देऊ?"

"राहू द्या, बाबा," मोहना म्हणाली, "माझी मी घेते."